‘एकाने काय होतंय’ म्हणणाऱ्या समस्त सभासदांना खुलं पत्र

मा. चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार, सांस्कृतिक समितीची मंडळी आणि ए, बी, सी तिन्ही विंगचे सभासद,

सप्रेम नमस्कार.

रविवारी गणपतीच्या तयारीची मीटिंग आहे अशी नोटीस लिफ्टशेजारी लागलीये, विषय क्रमांक ३ महाप्रसाद आणि अल्पोपाहार. मीटिंगमध्ये उभी राहून बोलायला गेले तर दुसऱ्याच वाक्याला कोणीतरी "वहिनी, आधी खाऊन घ्या मग बोलू" म्हणणार आणि हातात प्लेट येणार, हे इतक्या वर्षांत कळलंय, म्हणून आधीच लिहून ग्रुपवर टाकतेय. जरा लांब झालंय, सांभाळून घ्या.

मार्चमध्ये मला शुगर निघाली. म्हणजे अजून पूर्ण डायबेटीस नाही, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ६.२ आला, ५.७ ते ६.४ मध्ये असलात की प्री-डायबेटीस, आणि ६.५ ला पोचलात की मग तुम्ही रीतसर मेंबर. डॉक्टर म्हणाले गोळी आत्ता नको, तीन महिने खाणं आणि चालणं सांभाळा मग बघू. मी घरी आले, साखरेचा डबा वरच्या फळीवर टाकला, बिस्किटांचे पुडे कामाच्या मावशींना देऊन टाकले (त्यांनाही शुगर आहे हे मला दोन महिन्यांनी कळलं, त्याचं काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही), ज्वारी दळून आणली आणि वाटलं की स्वयंपाक तर आपल्याच हातात आहे, अवघड काय त्यात. जूनमध्ये परत रिपोर्ट केला. ६.३.

मग मी चिडून एक वही केली. जुलैचा अख्खा महिना, जे काही गोड किंवा तळलेलं पोटात गेलं ते कुठून आलं एवढंच लिहायचं. किती खाल्लं ते नाही, कोणी दिलं ते. महिन्याच्या शेवटी ३४ नोंदी झाल्या आणि त्यातल्या माझ्या घरी, माझ्या मनाने, मी करून खाल्लेल्या निघाल्या पाच. बाकीच्या २९ म्हणजे ऑफिसमधले चार वाढदिवस आणि एक बदली, भिशीतली कचोरी आणि वर आईस्क्रीम, बी विंगच्या काकूंचा नातू पास झाला ते पेढे, आषाढीला तीन घरांतून आलेली साबुदाण्याची खिचडी (एकादशी दुप्पट खाशी म्हणतात ते उगाच नाही), दिव्यांच्या अवसेला जाऊबाईंकडचे गुळाचे दिवे त्यावर तूप, आणि सी विंगची नवीन लिफ्ट सुरू झाली म्हणून सगळ्यांना समोसा-जिलबी. लिफ्ट सुरू झाल्याबद्दल जिलबी! म्हणजे आता जिने चढायचे नाहीत याचा आनंद आपण तळून आणि पाकात घालून साजरा केला.

तुम्ही म्हणाल की कोणी काय तोंडात कोंबलं का. नाही कोंबलं. पण आपल्याकडे ‘नको’ या शब्दाचं पुढे काय होतं ते जरा आठवून बघा. मी म्हणते नको. समोरून येतं "डाएट का?" आणि सगळे वळून बघतात. मग "अगं एकाने काय होतंय". मग "मी स्वतः केलंय हो, बाहेरचं नाही". मग एखाद्या मोठ्या बाई म्हणतात की अन्नाला नाही म्हणू नये, आणि तरीही मी हात मागे घेतला तर शेवटचं ब्रह्मास्त्र, "किती उतरलाय चेहरा, आजारी आहेस का?" इथपर्यंत कोणीही टिकत नाही. मी तरी टिकलेली नाही. एक जिलबी खाणं हे या सगळ्यापेक्षा फारच सोपं काम आहे.

पण गंमत बघा. याच आपल्या लोकांत ‘नको’ चालतं सुद्धा, फक्त कारण देवाचं पाहिजे. "आज माझा गुरुवार आहे" म्हटलं की कोणी एकाने काय होतंय म्हणत नाही. चातुर्मासात कांदा-लसूण सोडलाय म्हटलं की यजमानीण वेगळी भाजी करते, वर कौतुक करते. आमच्या आत्या काशीला जाऊन आल्या तेव्हा तिथे वांगं सोडून आल्या, त्यानंतर तीस वर्षं त्यांच्या पानात वांगं कोणी वाढलं नाही, आणि त्यांना ते भयंकर आवडायचं. देवासाठी सोडलं तर घर पाठीशी उभं राहतं. डॉक्टरसाठी सोडलं की ते नखरे. मी शेवटी जुलैअखेरीस ऑफिसात खोटंच सांगितलं की चातुर्मासात गोड सोडलंय. एका मिनिटात विषय संपला! आता कार्तिकी एकादशीनंतर काय सांगायचं ते बघू, नाहीतर काशीचं तिकीट काढावं लागेल.

आठवतंय का, ते डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या डाएटचं वारं आलं होतं, २०१८-१९ ला? दोनच वेळा जेवायचं आणि पंचावन्न मिनिटांत संपवायचं. आपल्या ग्रुपवर दीक्षित पार्टी आणि आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांची दिवेकर पार्टी अशा दोन फळ्या होत्या, एक म्हणणार दोनदाच खा, दुसरी म्हणणार दर दोन तासांनी थोडं खा, आणि लग्नाच्या पंगतीतसुद्धा लोक घड्याळ लावून बसायचे. त्यातलं कोण बरोबर हा वाद मला घालायचाच नाहीये. माझ्या लक्षात राहिलं ते वेगळंच, त्या सात-आठ महिन्यांत आपल्याकडे कोणी कोणाला आग्रह करत नव्हतं. "माझं दीक्षित चालू आहे" एवढं म्हटलं की ट्रे पुढे सरकायचा. अर्ध्या बिल्डिंगचं वजन कमी झालं त्यात पंचावन्न मिनिटांचा वाटा किती आणि ट्रे पुढे सरकण्याचा किती, देव जाणे. मग हळूहळू एकेकाने सोडलं, आणि जसं एकत्र कमी झालं होतं तसंच एकत्र परत वाढलं.

हे आपल्याच बिल्डिंगमध्ये होतं असं नाही. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम नावाचं गाव आहे, तिथे १९४८ पासून लोकांच्या हृदयाच्या तपासण्या चालू आहेत. त्या नोंदींवरून निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर या दोघांनी २००७ मध्ये एक अभ्यास छापला, १२,०६७ माणसं, ३२ वर्षांचा हिशेब. मित्र लठ्ठ झाला तर आपण लठ्ठ होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढते, भावंड झालं तर ४० आणि नवरा-बायकोपैकी एक झालं तर दुसऱ्याची ३७. म्हणजे बायकोपेक्षा मित्र जास्त वाईट, हे आमच्या घरात मी मोठ्याने वाचून दाखवलं. त्या अभ्यासावर नंतर बरेच वाद झाले, काही अभ्यासकांनी दाखवलं की याच पद्धतीने मोजलं तर उंची आणि तोंडावरचे फोड सुद्धा मित्राकडून मित्राकडे ‘पसरताना’ दिसतात, त्यामुळे आकडे जपून घ्यायचे. आणि त्या अभ्यासात नुसत्या शेजाऱ्याचा काही परिणाम दिसला नव्हता, मैत्री असेल तरच. पण त्यांच्याकडचा शेजारी दर चतुर्थीला झाकण घातलेली वाटी पाठवत नसावा, आणि ती वाटी रिकामी परत द्यायची नसते हा नियमही तिकडे नसणार.

आता मी काय केलं ते पण सांगते, नाहीतर वाटेल मी कोण साधू. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत आमच्या मजल्यावरचे काका फराळाला आले होते, त्यांची बायपास होऊन सहा महिने झाले असतील. मी बेसनाचे दोन लाडू वाढले. ते नको म्हणाले, मी म्हटलं "घ्या हो काका, दिवाळी आहे, एकाने काय होतंय". वाढले दोन, म्हणतेय एकाने. त्यांनी एक खाल्ला, गप्पा मारल्या, निघाले. दारात चपला घालायला वाकले तेव्हा मला दिसलं की शर्टाच्या वरच्या खिशाला तुपाचा डाग पडलाय, आणि आत रुमालात काहीतरी गोल. बहात्तर वर्षांचा माणूस, बँकेतून मॅनेजर म्हणून रिटायर झालेला, त्याला माझ्या घरात लाडू नको म्हणता आला नाही म्हणून त्याने तो चोरून खिशात घातला. मी काही बोलले नाही, तेही नाही. तो डाग मला मार्चनंतर फार आठवायला लागला.

बरं, "मी तर बारीक आहे, मला काय" म्हणणाऱ्यांसाठी एक आपल्या पुण्यातलीच गोष्ट. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) अगदी सारखा, २२.३. दोघंही दिसायला सडपातळ. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपली माणसं वरून बारीक आणि आतून भरलेली असतात, जन्मलेल्या बाळापासून हे दिसतं असं त्यांचं काम सांगतं. त्यामुळे "खात्यापित्या घरचा" आणि "अगदी काडी" या दोन्ही शेऱ्यांना तसा काही अर्थ नाही. डायबेटीसची देशभर पाहणी करणारा ‘इंडियाब’ नावाचा अभ्यास २०२३ मध्ये आला त्यात ११.४ टक्के मोठ्या माणसांना डायबेटीस निघाला, शहरांत त्याहून जास्त, आणि पहिला नंबर गोव्याचा, २६.४ टक्के, चारांत एक. आपल्या तीन विंगमध्ये किती असतील तो हिशेब खजिनदार करतील.

हिशेबावरून आठवलं, सत्यनारायणाचा शिरा. सव्वा किलो रवा, सव्वा किलो साखर, सव्वा किलो तूप, हे माप आपण बदलणार नाही आणि मीही बदला म्हणत नाही, प्रसाद आहे तो, केळं घातलेल्या त्या शिऱ्याची चव घरच्या शिऱ्याला येत नाही हे मलाही कबूल आहे. फक्त गणित बघा. शंभर द्रोण भरले तर एका द्रोणात साडेबारा ग्रॅम साखर आणि तेवढंच तूप. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराबद्दल ज्या सूचना काढल्या त्यात वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवा असं आहे. म्हणजे दोन द्रोणांत दिवसाचा कोटा संपला, अजून सकाळचा चहा मोजलेला नाही. आणि आपल्याकडे दोन द्रोण हे कमीत कमी माप आहे, कारण वाटणारा पोरगा विचारतच नाही, हातात ठेवूनच पुढे जातो. जुन्या पद्धतीने उजव्या तळहातावर चमचाभर ठेवायचे आणि तो डोळ्याला लावून खायचा, तो प्रसाद होता. हे द्रोण कधी आले आणि ते कधी एवढे मोठे झाले?

२०२५ मध्ये सीबीएसईने शाळांना शुगर बोर्ड, म्हणजे साखरेबद्दल माहिती देणारे फलक, लावायला सांगितलं, मग केंद्राने ऑफिसांतही साखर-तेलाचे फलक लावायला सांगितले, तेव्हा आपल्या ग्रुपवर "आता जिलबीवर पण सिगारेटसारखी वॉर्निंग" म्हणून दोन दिवस मीम फिरत होते. तसं काही छापायला सांगितलेलं नाही असा खुलासा सरकारने केला, तो मात्र कोणी फॉरवर्ड केला नाही. आमच्या ऑफिसात लागलाय असा फलक, पँट्रीच्या दाराशी, छान रंगीत आहे. त्याच्या खालीच टेबल आहे आणि केक त्याच टेबलावर कापतात.

म्हणून मला फलक नकोत, मला जिना हवाय.

ए विंगचा जिना शेवटचा कोण चढलंय सांगा. मी जूनपासून चढतेय, चौथा मजला, म्हणजे चढायचा प्रयत्न करतेय. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधला बल्ब गेलेला आहे, तो दिवाळीपासून गेलाय असं वॉचमन म्हणतात, कोणत्या दिवाळीपासून ते त्यांना आठवत नाही. त्याच वळणावर एक चपलांचं कपाट, एक मोडका कूलर, एक लहान मुलाची तीनचाकी (ते मूल आता इंजिनिअरिंगला आहे) आणि एका कुंडीत मेलेली तुळस. मोबाईलचा टॉर्च लावून, भाजीची पिशवी दुसऱ्या हातात घेऊन, कठडा न धरता चढायचं. लिफ्टमध्ये मात्र आरसा, पंखा, बारीक संगीत. लिफ्टसाठी आपण घराघरातून पंधरा हजार काढले, एकाही माणसाने कुरकुर केली नाही, आणि जिन्यातल्या बल्बचा विषय तीन मीटिंग "पुढील सभेत घेण्यात यावा" आहे. मग आपणच म्हणायचं की लोकांना हल्ली व्यायामाची सवय राहिली नाही. आग लागली तर याच जिन्याने उतरायचंय, ते जाऊ दे, तो वेगळा विषय.

चालण्याचंही तसंच. कंपाउंडमध्ये फेऱ्या मारायला लागले तर आधी आठवडाभर प्रत्येक बाल्कनीतून "काय हो, शुगर निघाली का?" मी लाजून दोन दिवस गेलेच नाही. मग बी विंगच्या दोघी आपणहून खाली यायला लागल्या, त्यांनाही बरेच दिवस यायचं होतं पण एकटीने कसं. तिघी झाल्यावर कोणी काही विचारेना. रोज रात्री पावणेनऊला, सासूपासून सिरियलपर्यंत सगळं बोलून होतं, पाऊण तास कधी जातो कळत नाही. आता एकीच्या मुलीचं लग्न ठरलंय, ती येत नाही, तर गेले दहा दिवस आम्ही दोघीही गेलेलो नाही. बघा म्हणजे. पाय माझे आहेत, पण त्यांना खाली उतरवायला दुसऱ्याच्या बेलची वाट बघावी लागते.

आणि एक गोष्ट बायकांनाच कळेल. मी दिवसभरात सगळ्यात जास्त काय खाते माहितीये? उरलेलं. मुलाने अर्धी टाकलेली पोळी, सासऱ्यांच्या वाटीतली खीर, डब्यातून परत आलेला उपमा. टाकवत नाही. आईला टाकताना कधी बघितलं नाही ना. डाएटच्या कुठल्याच चार्टमध्ये हा रकाना नसतो. हे सोसायटीने सोडवायचं नाहीये, हे मी घरी बघते, पण वहीत लिहिलंय म्हणून सांगितलं.

फिनलंडमध्ये नॉर्थ कारेलिया म्हणून एक भाग आहे, तिथे पुरुष भराभर हार्ट अटॅकने जायचे. लोणी, मलईचं दूध, मीठ, सिगारेट. १९७२ ला तिथे एक प्रकल्प सुरू झाला, पेक्का पुस्का नावाचे तरुण डॉक्टर प्रमुख. एकेकाला दवाखान्यात बसवून लेक्चर देत बसले नाहीत ते, गावातल्या बायकांच्या मंडळाला हाताशी धरलं, सॉसेज बनवणाऱ्यांशी बोलले, कोलेस्टेरॉल कोणाचं जास्त उतरतंय यावर गावागावांत चक्क स्पर्धा लावल्या. पुढच्या तीन-चार दशकांत कामाच्या वयातल्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त घटले. आपण स्पर्धा कसली घेतो? मोदक खाण्याची. गेल्या वर्षीच्या विजेत्याने १७ खाल्ले आणि बक्षीस काय मिळालं, तर मिठाईचा बॉक्स.

तर रविवारसाठी माझं म्हणणं एवढंच आहे. महाप्रसाद करा, शिरा करा, दहा दिवस आरतीला खिरापत पण होऊ दे, पण रोज पेढेच कशाला, आपल्या लहानपणी खिरापत म्हणजे खोबरं-साखर, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, काकडी, फळं असं काय काय असायचं आणि आज काय असेल याचीच मजा असायची. द्रोण लहान आणा. वाटणाऱ्या मुलांना सांगा की आधी विचारा, मग द्या, आणि नको म्हटलं की पुढे जा, कारण विचारू नका. मोदकांच्या स्पर्धेऐवजी तीन विंगची जिने चढायची स्पर्धा घ्या, ज्येष्ठांसाठी वेगळा गट ठेवा, काका नक्की पहिले येतील, ते बायपासनंतर रोज चालतात. पार्किंगमधली "मुलांनी खेळू नये" पाटी निदान संध्याकाळी सहा ते आठ झाकून ठेवा, आणि तीच मुलं मोबाईल घेऊन जिन्यात बसली की त्यांना ओरडू नका. आणि तुम्ही सगळ्यांनी, प्लीज, मी नको म्हटलं तर माझ्या चेहऱ्याकडे बघू नका. तो उतरलेला नाही, तो असाच आहे.

बल्ब मी काल आणलाय. नऊ वॉटचा एलईडी, पैसे कमिटीकडे मागत नाही. शिडी वॉचमनच्या केबिनच्या मागे आहे पण ती हलते, खालून धरायला एक माणूस लागेल. रविवारी मीटिंगच्या आधी, साडेनऊला. चपलांचं कपाट आणि कूलर ज्यांचा आहे त्यांनी शनिवारपर्यंत आत घ्यावा, तीनचाकी मी भंगारवाल्याला विचारून ठेवलीये. जो शिडी धरायला येईल त्याला माझ्याकडून चहा, साखर लागत असेल तर घरून घेऊन या.

आपली,
ए विंग, चौथा मजला